मुलांचा टाइप 1 मधुमेह : संशोधनातलं ज्ञान तालुक्याच्या दवाखान्यात आणताना

टाइप 1 मधुमेहात मुलाचं शरीर इन्सुलिन बनवणं जवळपास थांबवतं, म्हणून ते रोज सुईने द्यावं लागतं. या आजारात संशोधन आणि रोजचं काम यांच्यात अंतर पडतं ते बहुतेक वेळा अज्ञानामुळे नाही. दापोली, कणकवली, अलिबागच्या बालरोगतज्ज्ञांना मोठे अभ्यास ठाऊक असतात. घोडं अडतं ते पुढे. वीज गेली की इन्सुलिन कुठे ठेवायचं, कुठल्या टोपीची सिरिंज लिहून द्यायची, घरातली भाताची वाटी किती ग्रॅमची धरायची? हा लेख तालुक्यातले डॉक्टर, परिचारिका, आशा आणि मुलाच्या घरचे या सगळ्यांसाठी आहे. डोस ठरवणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचंच काम. इथे दिलेले हिशोब त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत म्हणून आहेत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. इन्सुलिनचे पंप आणि साखर सतत मोजणारे सेन्सर चांगलेच, पण त्यांची वाट बघत बसू नये. सगळ्यात स्वस्त पुरावे आपल्याकडे सगळ्यात कमी वापरले गेले आहेत. सुरुवात तिथून करावी.

निदान : भिंतीवरचं एक चित्र

इटलीत पार्मा प्रांतात 1991 पासून शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधं पोस्टर लावलं गेलं. पूर्वी अंथरूण कोरडं राहणारं मूल पुन्हा गादी ओली करू लागलं, सारखं पाणी पिऊ लागलं, तर मधुमेह तपासा, एवढाच त्याचा मजकूर. डॉक्टरांना ग्लुकोमीटर आणि पट्ट्या दिल्या. मोहिमेआधी निदानाच्या वेळीच कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साचून अत्यवस्थ झालेल्या अवस्थेत, पोचणाऱ्या मुलांचं प्रमाण 78 टक्के होतं. मोहिमेच्या वर्षांत ते 12.5 टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

हे आपल्याकडे आणायला फार काही लागत नाही. पोस्टर मराठीत करा आणि चित्र मोठं ठेवा. पाण्याची कळशी, ओलं अंथरूण, सैल झालेला गणवेश आणि जिथे मूल लघवीला बसलं तिथे लागलेल्या मुंग्या, एवढं पुरे. मुंग्यांची खूण गावात कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. जागा ठरवताना अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्राची बाकं आणि औषधाचं दुकान हा क्रम धरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांच्याकडेही एक प्रत द्या.

ओपीडीचा नियम एका ओळीचा असावा: यांतलं एकही लक्षण सांगितलं की बोटाचं रक्त आत्ताच. सोबत लक्षणं असताना कोणत्याही वेळची साखर 200 मिलिग्रॅम किंवा जास्त निघाली तर निदान झालं. "उद्या उपाशीपोटी या" असं मुलाला सांगू नये. तो उद्या कधीकधी अतिदक्षता विभागात उजाडतो.

कोकणात चुकतं ते जास्त करून पावसाळ्यात. मूल उलट्या करतंय, पोटात दुखतंय, श्वास जोरात चाललाय. हंगामच गॅस्ट्रो, डेंग्यू आणि लेप्टोचा, त्यामुळे नजर तिकडेच जाते. जोरात चाललेला श्वास न्यूमोनियाच्या खात्यात जातो. मग अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते आणि आधीच 450 असलेली साखर आणखी चढते. म्हणून दुसरा नियम: आजारी मुलाला ग्लुकोज असलेली कुठलीही सलाईन लावण्याआधी एक पट्टी खर्च करा. निर्जलीकरण झालेलं मूल भरपूर लघवी करत असेल, तर मधुमेहाचा संशय तिथेच यायला हवा.

कीटोअॅसिडोसिस असेल तर आरोग्य केंद्रावर साधं नॉर्मल सलाईन 10 ते 20 मिलि प्रति किलो, 20 ते 60 मिनिटांत द्या आणि 108 बोलवा. इन्सुलिन एकदम शिरेतून ढकलू नका. ते द्रव सुरू होऊन किमान तासाभराने, दर तासाला 0.05 ते 0.1 युनिट प्रति किलो या वेगाने, देखरेखीखाली सुरू करायचं असतं. बायकार्बोनेट नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये. द्रव दिल्याने मेंदूला सूज येईल या भीतीने पूर्वी हात आखडता घेतला जायचा. अमेरिकेतल्या 13 केंद्रांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत द्रवाचा वेग किंवा त्यातलं सोडियम बदलून मेंदूवरच्या परिणामांत लक्षणीय फरक पडला नाही. मंडणगड किंवा गुहागरहून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायला तास जातात, तेव्हा हे माहीत असणं कामाचं. तरीही वाटेत डोकेदुखी, गुंगी, नाडी मंदावणं यांवर लक्ष हवंच.

सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा

ह्वीडोर या बालमधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या अभ्यासात 19 देशांतली 21 केंद्रं होती. केंद्राकेंद्रांत एचबीए1सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर टक्क्यांत दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, मोठा फरक होता, आणि तो नुसत्या इन्सुलिनच्या प्रकाराने समजावता येत नव्हता. ज्या केंद्रांत डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ एकच स्पष्ट लक्ष्य सांगत होते आणि घरच्यांनाही तोच आकडा ठाऊक होता, तिथे नियंत्रण चांगलं होतं. आपल्याकडे डॉक्टर 7 म्हणतात, औषधवाले "आठ-नऊ चालतं हो" म्हणतात आणि आजी म्हणते, "पोराला उपाशी मारू नका."

म्हणून पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या सगळ्यांनी बसून आकडे ठरवावेत. इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2022 च्या सूचनांत सर्वसाधारण लक्ष्य 7 टक्क्यांखाली आहे. अॅनालॉग इन्सुलिन (रचना बदलून बनवलेलं, नव्या पिढीचं) किंवा नियमित तपासणी परवडत नसेल, किंवा साखर उतरल्याची लक्षणं मुलाला सांगता येत नसतील, तर 7.5 खाली. दिवसाची साखर 70 ते 180 मध्ये. हे कार्डावर मोठ्या अक्षरांत छापा. कार्ड फ्रिजवर लावा, वहीत चिकटवा.

मुलाचा आकडा 10.5 असेल तर 7 दाखवून घाबरवू नका, पुढचा टप्पा सांगा. डीसीसीटी या टाइप 1 वरच्या मोठ्या अमेरिकी चाचणीमध्ये (1983 ते 1993, एकूण 1,441 सहभागी) 195 किशोरवयीन होते. काटेकोर उपचार घेणाऱ्यांचा सरासरी एचबीए1सी 8.1 पर्यंतच उतरला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा 9.8 राहिला. म्हणजे आजच्या लक्ष्यापर्यंत तीही मुलं पोचली नव्हती, तरीही सुरुवातीला डोळे चांगले असलेल्यांत पडद्याचा आजार होण्याचा धोका 53 टक्क्यांनी कमी झाला. पंधरा वर्षांच्या मुलाला 10 वरून 8.5 वर आणणं हे अपयश नाही, हे घरच्यांना आकड्यासह सांगता येतं.

एक तांत्रिक सूचना. एचबीए1सीसोबत हिमोग्लोबिन बघा. लोहाच्या कमतरतेने एचबीए1सी खोटा जास्त दिसू शकतो, तर लाल पेशी लवकर फुटण्याच्या आजारात खोटा कमी. घरची वही आणि अहवाल जुळत नसतील तर वहीवर खोटेपणाचा शिक्का मारण्याआधी हे तपासा.

इन्सुलिन : टोपीचा रंग आणि माठाचं तापमान

आपल्याकडे 10 मिलिच्या कुपीत बहुधा यू-40 इन्सुलिन असतं, म्हणजे 1 मिलिमध्ये 40 युनिट. पेनच्या काडतुसात यू-100. सिरिंज लाल टोपीची यू-40 ला, केशरी टोपीची यू-100 ला. अदलाबदल झाली की काय होतं ते मोजून पाहा. यू-40 ची कुपी आणि केशरी सिरिंज: 10 च्या रेघेपर्यंत भरलं तरी जातात 4 युनिट. साखर आठवडाभर 350, आणि सगळे खाण्याला दोष देतात. उलट, पेनच्या काडतुसातून लाल सिरिंजने 10 च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात 25 युनिट, आणि मूल बेशुद्ध पडू शकतं. काडतुसातून सिरिंजने ओढायचंच नाही, हा नियम करा. चिठ्ठीवर कुपीचा प्रकार आणि टोपीचा रंग दोन्ही लिहा. दर भेटीत घरच्यांनी आणलेली सिरिंज हातात घेऊन बघा.

प्रकाराबाबत संशोधन आणि व्यवहार इथे समोरासमोर येतात. सरकारी साठ्यात 30/70 मिश्रण (30 टक्के जलद, 70 टक्के मंद इन्सुलिन) सहज मिळतं आणि दिवसाला दोनच सुया म्हणून घरच्यांनाही बरं वाटतं. पण त्यात जेवणाचा डोस बदलला की पायाभूत, म्हणजे जेवणाशिवायही दिवसरात्र लागणारा डोसही बदलतो. मूल आज अर्धीच भाकरी खाणार, उद्या दोन. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2022 च्या सूचनांसह सगळीकडे पायाभूत आणि जेवणागणिक अशी वेगळी विभागणी सुचवली जाते. अॅनालॉग परवडत नसतील तर रेग्युलर (जेवणापुरतं जलद इन्सुलिन) आणि एनपीएच (सावकाश चालणारं, पायाभूत) वेगवेगळ्या घेऊनही हे जमतं. रेग्युलर जेवणाआधी 20 ते 30 मिनिटं. एनपीएच रात्रीच्या जेवणाआधी दिलं तर त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, मूल गाढ झोपेत असताना येतो. तेच झोपताना दहाला दिलं की तो जोर पहाटेकडे सरकतो. नुसती वेळ बदलून रात्रीचे हायपो, म्हणजे साखर फार उतरण्याचे प्रसंग, कमी झालेले दिसतात. एनपीएचची कुपी तळहातांत हलके फिरवून, उलटसुलट करून वीसेक वेळा एकजीव करायची, फेस येईल अशी हलवायची नाही.

आता साठवण. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांवर, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या फळीवर. बर्फाच्या कप्प्याला टेकलं आणि गोठलं तर ते वाया गेलं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी. उघडलेल्या कुपीबद्दल मात्र 2021 चा एक अभ्यास दिलासा देतो. जिनिव्हा विद्यापीठ आणि एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) यांनी 25 ते 37 अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानात इन्सुलिन 4 आठवडे ठेवलं. त्याची ताकद जवळपास तशीच राहिली. म्हणजे फ्रिज नाही म्हणून दिवसाला चार सुया शक्य नाहीत, हे कारण उरत नाही.

पण देशावरचा माठाचा सल्ला कोकणात जसाच्या तसा उचलू नका. माठ थंड होतो तो पाण्याची वाफ होऊन. हवेतच ओल भरलेली असेल तर वाफ कमी, गारवाही कमी. मे महिन्यात नागपूरला माठ जेवढा उतरतो तेवढा वेंगुर्ल्याला उतरत नाही. उपाय सोपा आहे. कमाल-किमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर झाकण असलेल्या कोरड्या डब्यात घालून माठात ठेवा आणि चार दिवस आकडे लिहा. तिशीच्या आत राहत असेल तर छान. अधूनमधून 33-34 दिसलं तरी चालू कुपीला चार आठवडे धोका नाही. पत्र्याच्या छताखाली, चुलीजवळ किंवा उभ्या गाडीत 40 च्या वर गेलं तर मात्र ती कुपी वापरू नये. जादा साठा शेजाऱ्याच्या किंवा औषध दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवावा. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रिजमध्ये) इतर औषधं ठेवायची नसतात, तिथे मागू नका.

इथे एक बारीक अडचण आहे. 10 मिलिच्या यू-40 कुपीत 400 युनिट असतात. लहान मुलाला त्या प्रकाराचे दिवसाला 8 युनिट लागत असतील तर ती 50 दिवस पुरते. टाकून देणं जिवावर येतं, म्हणून महिन्यानंतरही वापरली जाते. कुपीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची. अशा मुलाला 300 युनिटचं काडतूस आणि पेन हिशोबात जवळ पडतं का, हे प्रत्येक घराशी बसून बघा.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत अनेक गावं दीर्घकाळ अंधारात होती. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये घरांच्या तळमजल्यावरचे फ्रिज पाण्याखाली गेले. म्हणून मेच्या अखेरीस प्रत्येक घरात पिशवी तयार हवी: दोन महिन्यांचं इन्सुलिन, सिरिंज, पट्ट्या, मीटरचा जादा सेल, लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की साचणारी आम्लं) तपासायच्या पट्ट्या, साखर आणि चिठ्ठीची प्लॅस्टिकमध्ये घातलेली प्रत. साठ्यातला अर्धा भाग उंचावरच्या वाडीतल्या नातेवाइकांकडे.

भात, आंबा, मोदक

कर्बोदकं मोजून इन्सुलिन देण्याची पद्धत चांगली, पण तक्ते बहुतेक पोळीचे. कोकणातल्या मुलाचं गणित भातावर चालतं आणि भात घरागणिक बदलतो. तक्ता शोधण्यापेक्षा घरचा आकडा काढा. कोरडे तांदूळ 250 ग्रॅम घ्या. त्यात साधारण 195 ग्रॅम कर्बोदकं असतात. शिजल्यावर भाताचं वजन करा. मोकळा भात 700 ग्रॅम भरला तर 100 ग्रॅममध्ये 28. आसट भात 900 भरला तर 22. मग मुलाच्या नेहमीच्या वाटीतला भात एकदा तोला आणि वाटीच्या बुडाला आकडा लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. वजनकाटा घरी नसेल तर दवाखान्याने एक घेऊन आळीपाळीने द्यावा.

हीच रीत भाकरीला: पीठ तोला, 40 ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी म्हणजे सुमारे 32 ग्रॅम कर्बोदकं. घावणे, आंबोळी यांचं पीठ एकदाच मोजून नगाने भागा. माशांत कर्बोदकं जवळपास नसतात. तळलेल्या बांगड्याला लागलेला रवा थोडाफार भर घालतो, इतकंच. पेज आजाऱ्याचं अन्न म्हणून हलकी समजली जाते, पण ती पातळ असल्याने साखर भरभर चढवते. मोजल्याशिवाय देऊ नये.

हापूस बंद करू नका. आंब्याच्या गरात 100 ग्रॅमला 15 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. मध्यम फळाचा गर दीडशे ग्रॅम धरला तर 22-23 ग्रॅम, म्हणजे वाटीभर भातापेक्षा कमी. भात कमी करून किंवा इन्सुलिन जोडून तो बसतो. बंदी घातली की मूल माडीवरच्या अढीतून चोरून खातं आणि तो आकडा वहीत कधीच येत नाही. उकडीच्या मोदकाचं सारण गुळाचं, त्यामुळे नगाला 20 ते 25 ग्रॅम धरून चाला आणि आपल्या घरचा मोदक तोलून आकडा सुधारा. उपवासाची साबुदाणा खिचडी "उपवास" म्हणून सोडू नका. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

डोसचा पहिला अंदाज असा. दिवसाचं एकूण इन्सुलिन 20 युनिट असेल तर 500 भागिले 20, म्हणजे 1 युनिट 25 ग्रॅम कर्बोदकांना पुरतं, हा एक ठोकताळा. रेग्युलरसाठी 450 वरून हिशोब केला तर 22.5. चढलेल्या साखरेसाठी रेग्युलरचं 1 युनिट 1500 भागिले 20, म्हणजे सुमारे 75 मिलिग्रॅमने साखर उतरवतं. हे आरंभाचे आकडे आहेत. लहान मुलांत सकाळच्या न्याहारीला ते बहुधा कमी पडतात.

पट्ट्या मोजक्याच असतील तर

जर्मनी-ऑस्ट्रियाच्या नोंदवहीतल्या 26,723 मुलांच्या अभ्यासात दिवसाला पाचपर्यंत प्रत्येक वाढीव तपासणीमागे एचबीए1सी सुमारे 0.2 ने कमी दिसला, पाचनंतर फारसा फरक नाही. जास्त तपासणारी घरं इतर बाबतींतही दक्ष असणार, तेव्हा सगळं श्रेय पट्टीला देऊ नये. पण रोज सहा पट्ट्या परवडत नाहीत म्हणून तपासणीच सोडणं चूक. दिवसाला दोनच असतील तर जोडीने वापरा: सोमवारी न्याहारीआधी आणि दोन तासांनी, मंगळवारी दुपारच्या जेवणाला, बुधवारी रात्री. आठवड्यातून एकदा पहाटे तीनला. रोज सकाळी उपाशीपोटी एकच तपासण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं. लक्षणं दिसली की मात्र लगेच तपासायचं, त्यासाठी चार पट्ट्या बाजूला ठेवा.

बोट साबण-पाण्यानेच धुवा. फळ सोलल्यावर न धुतलेल्या बोटाचा आकडा खोटा चढतो आणि स्पिरिटचा बोळा फिरवूनही तो पुरता सुधारत नाही, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. आंब्याच्या दिवसांत 380 दिसलं की दुरुस्तीचा डोस देण्याआधी हात धुऊन पुन्हा तपासा. पट्ट्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवा. जुलैच्या हवेत उघडी डबी लवकर खराब होते.

साखर उतरली तर

70 खाली: 0.3 ग्रॅम ग्लुकोज प्रति किलो. 30 किलोच्या मुलाला 9 ग्रॅम, म्हणजे पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे साखर. चॉकलेट, पेढा, लाडू नको. त्यातली चरबी साखर उशिरा पोचवते. 10 ते 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. घाबरून अर्धा डबा साखर चारली की दोन तासांनी 300 दिसतं आणि मग दुरुस्तीचा डोस, मग पुन्हा हायपो. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या मुलाच्या तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. ग्लुकॅगॉन (साखर चढवणारं इंजेक्शन) असेल तर 25 किलोखाली 0.5 मिलिग्रॅम, त्यावर 1 मिलिग्रॅम. नसेल तर 108. आरोग्य केंद्रात 10 टक्के डेक्स्ट्रोज 2 मिलि प्रति किलो शिरेतून.

शिमग्यात पालखी नाचवणं, गणपतीतली जाखडी, खाडीत पोहणं, कबड्डी यांचा परिणाम त्याच वेळी संपत नाही. स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. अशा दिवशी झोपताना तपासणी, गरजेप्रमाणे थोडं खाणं आणि रात्रीचं पायाभूत इन्सुलिन सुमारे 20 टक्के कमी करावं का, हे डॉक्टरांकडून सणाच्या आधीच लिहून घ्या.

आजारपणात इन्सुलिन बंद नाही

मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन थांबवणं, ही कीटोअॅसिडोसिसकडे जाणारी सर्वात सरळ वाट आहे. ताप, उलट्या किंवा साखर 250 च्या वर राहिली की दर दोन ते चार तासांनी साखर आणि लघवीतले कीटोन तपासा. कीटोन आणि साखर दोन्ही चढलेले असतील तर दिवसाच्या एकूण डोसच्या 5 ते 10 टक्के जादा जलद इन्सुलिन, कीटोन जास्त असतील तर 10 ते 20 टक्के. हे आकडे युनिटमध्ये बदलून घरच्या कार्डावर आधीच लिहा, रात्री दोनला कुणी टक्केवारी करत नाही. कीटोन आहेत पण साखर कमी असेल तर ते उपासाचे. तिथे साखरेचं पाणी घोट घोट, डोस कमी पण बंद नाही. उलट्या थांबत नसतील किंवा श्वास वाढला तर रुग्णालय.

निदानानंतर काही आठवड्यांत कित्येक मुलांची इन्सुलिनची रोजची गरज 0.5 युनिट प्रति किलोच्या खाली येते. हा "हनिमून" काळ महिन्यांचा असतो आणि मुळी-काढा देणाऱ्याच्या हाती नेमका हाच सापडतो. त्याच्या औषधाने साखर उतरली असं वाटतं, इन्सुलिन सुटतं. हा काळ येणार हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा, आला की आश्चर्य वाटत नाही.

शाळा आणि नोंदवही

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना पत्र लिहून टाइप 1 च्या मुलांना वर्गात तपासणी, इन्सुलिन आणि मधलं खाणं यांची मुभा द्यायला सांगितलं. पत्राचा हवाला देऊन मुख्याध्यापकांना एका पानाची सूचना द्या आणि वर्गशिक्षकांच्या खणात साखरेचा डबा ठेवा.

वार्षिक तपासण्या थोडक्यात: रक्तदाब दरवर्षी. थायरॉइड आणि सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) निदानाच्या वेळी आणि नंतर ठरावीक अंतराने. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन वय 11 किंवा वयात येण्यापासून, आजाराला 2 ते 5 वर्षं झाल्यावर. सुईच्या जागांवर दर भेटीत हात फिरवा. तिथे गाठ असेल तर इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलली की डोस थोडा कमी करावा लागतो, नाहीतर त्याच आठवड्यात हायपो होतो.

दवाखान्याची वही एका मुलाला एक ओळ. रकाने पाच पुरेत: शेवटचा एचबीए1सी आणि तारीख, तीन महिन्यांतले गंभीर हायपो, कीटोअॅसिडोसिसने झालेले दाखले, घरी रोजच्या तपासण्या, सिरिंज-कुपी जुळते का. बारा मुलं असतील तर टक्केवारी काढू नका, डोकी मोजा. तीन महिन्यांनी एकच गोष्ट बदलायला घ्या. पहिल्या तिमाहीत सिरिंजची टोपी, दुसरीत घरचा भात तोलणं, तिसरीत एनपीएचची वेळ. सगळं एकदम बदललं की कशाने फरक पडला ते कळत नाही. तिमाहीत एचबीए1सी झालाच नाही अशी मुलं वहीत वेगळी खूण करून ठेवा. त्यांच्याकडे आशाताईंचा फोन आधी जावा, कारण सरासरीत ती दिसतच नाहीत.